माधव जूलियन : कवितेच्या ओळीचा शास्त्रकार

माधव जूलियन या नावाने काव्यलेखन करणारे माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदा येथे झाला. फारसीचे प्राध्यापक असलेले पटवर्धन १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे प्रमुख सदस्य होते. यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे आदी कवी मंडळाच्या बैठकांत परस्परांना आपल्या रचना ऐकवीत. मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले. मात्र गाताना अक्षर लांबवून ओळीतील उणीव झाकता येते. कागदावर ती उघडी पडते. ओळ कोठे थांबावी, यति कोठे यावा, याचा शोध पटवर्धनांनी शास्त्र म्हणून घेतला. दोन ओळींत आशय पूर्ण करणारी गझल आणि चौदा ओळींचे सुनीत, हे दोन्ही प्रकार त्यांनी मराठीत हाताळले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘छंदोरचना’ हा ग्रंथ त्यांनी विस्ताराने पुन्हा सिद्ध केला आणि नवी आवृत्ती १९३७ मध्ये प्रकाशित झाली. या कार्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. पदवी प्रदान केली. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अवघ्या ४५ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी छंदांना दिलेली शिस्त अभ्यासकांना आजही मार्गदर्शक ठरते.