हॉर्न वाजतो, पण गाडी सेल्फ का घेत नाही? उत्तर चार्ल्स केटरिंग यांच्या गोष्टीत

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागतं. राजगड करायचा असेल तर इथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याशी रात्रभर भिजलेली जुनी बाईक सकाळी सेल्फ घेत नाही, हे इकडे नवीन नाही. गंमत म्हणजे हॉर्न वाजत असतो, इंडिकेटर लागत असतात. मग बॅटरी तर आहे, अडलं कुठे?

हे समजायला ज्या माणसाने सेल्फ स्टार्टर गाडीत आणला, त्याच्याकडे जाऊया.

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकरी घरात. डोळे लहानपणापासून अधू. वाचलं की डोकं दुखायचं. त्यापायी कॉलेज मध्येच सुटलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागले. इंजिनिअरिंगची डिग्री हातात आली १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

पहिली मोठी नोकरी लागली डेटन गावातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातलं गल्ल्याचं मशीन तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. त्याला वीज लावायची होती. केटरिंग यांनी लहानशी मोटर बसवली, आणि इथेच त्यांना खरी गोष्ट सापडली. गल्ला उघडायला मोटर दिवसभर फिरायची गरज नाही. क्षणभर जोरात ताकद दिली की काम झालं. आणि क्षणभरच चालवायची असेल, तर छोट्या मोटरकडूनही तिच्या झेपेपलीकडचं काम काढून घेता येतं.

१९०९ मध्ये नोकरी सोडून एडवर्ड डीड्स यांच्यासोबत त्यांनी डेल्को कंपनी काढली. सुरुवातीचं बरंचसं काम डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात झालं. पहिला माल होता कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन. बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. जुन्या येझ्दी-बुलेटचे सीबी पॉइंट ज्यांनी घासलेत, त्यांनी याच कल्पनेवर हात फिरवलाय.

तेव्हा गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल फिरवायचं. इंजिन उलटं फिरलं तर हात मोडायचा. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच झटक्याने जखमी झाले आणि पुढे दगावले, अशी हकिकत आहे. तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण लेलँड यांना हँडल घालवायचं होतं हे नक्की.

इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणारच नाही, असं तेव्हा जाणकारांचं मत होतं. केटरिंग यांनी गल्ल्याचाच हिशोब लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला. तीच मोटर इंजिन चालू झालं की जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. ही युक्ती आजच्या काही स्कूटरमध्ये परत आलीये.

आता तुमच्या बाईककडे या. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात. सेल्फ मोटर त्या क्षणाला पन्नासच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ओढते. समजा अर्थिंगच्या नटाखाली गंज चढलाय आणि तिथे फक्त ०.१ ओहम अडथळा तयार झालाय. हॉर्नच्या वेळी तिथे ०.३ व्होल्ट जातील, कळणारसुद्धा नाही. सेल्फच्या वेळी ५० अँपिअर धरले, तर १२ पैकी ५ व्होल्ट तिथेच खलास!

म्हणून सेल्फ दाबल्यावर टक-टक होऊन मीटरचे दिवे मंदावले, तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग खोला, घासा, घट्ट करा. बॅटरी बदलायची घाई नको. हे करूनही फरक पडला नाही, तर बॅटरी चार्ज करून पाहा. एकदाच टक आवाज येतो, दिवे तसेच राहतात, मोटर मात्र ढिम्म? मग रिलेचे आतले संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश. आवाजच नाही, तर फ्यूज, किल स्विच, क्लचचा स्विच. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नसेल, तर तो प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा प्रश्न. आणि बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. ही मोटर क्षणभरासाठीच बनलीये. धरून ठेवली तर जळते.

पुढे डेल्को जनरल मोटर्सकडे गेली आणि केटरिंग १९२० ते १९४७ तिथले संशोधन प्रमुख राहिले. या काळातलं एक काम मात्र माझ्या मते त्यांच्या नावावरचा मोठा डाग आहे. इंजिनाची ठोक थांबवण्यासाठी त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं. १९२४ मध्ये ते बनवताना कामगार विषबाधेने मेले, तरी केटरिंग यांनी ते रेटून विकलं. ते शिसं जगभरच्या हवेत गेलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनजवळच्या घरी वारले. आपल्याकडे बाईकवर सेल्फ सर्रास दिसू लागला तो त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. २००१ मध्ये आलेल्या बजाजच्या पहिल्या पल्सरला सोबत किकही होती. तुमच्या बाईकला ती असेल, तर गुंजवण्यातून निघताना आधी किक मारा, टर्मिनल घरी आल्यावर घासा.