विश्लेषण : ‘ओल्ड हॉलिवूड’ लूक, रिंग लाइट आणि मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉनचे गुपित

बारीक कमानदार भुवया, चकाकी नसलेला गुळगुळीत चेहरा, गडद ओठ आणि कपाळावरून मागे सारलेले केस. ‘ओल्ड हॉलिवूड’ मेकअपचे रील तुमच्याही फीडमध्ये कधी तरी आले असेल. ते बनवणारीच्या मोबाइलभोवती बहुतेक वेळा एक गोल दिवा असतो, तो म्हणजे रिंग लाइट. लेन्सच्या अगदी जवळून चेहऱ्यावर प्रकाश टाकायच्या एका दिव्याला हॉलिवूडमध्ये एका अभिनेत्रीचे नाव मिळाले आहे. ती मुंबईत जन्मली होती आणि ही गोष्ट तिने मरेपर्यंत लपवली.

मर्ल ओबेरॉन कोण होती?

जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरात क्वीनी. वडील इंग्रज, पेशाने इंजिनीअर, रेल्वेत नोकरीला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचा मृत्यू झाला. तिला वाढवले शार्लट सेल्बीने. शार्लट मूळची सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, मिश्र वंशाची. जगाच्या दृष्टीने ती क्वीनीची आई होती. जन्मदाखल्यात मात्र आईचे नाव कॉन्स्टन्स असे आहे. ही शार्लटची मुलगी आणि तेव्हा ती स्वतःच अल्पवयीन होती. म्हणजे जिला क्वीनी आई म्हणत होती ती आजी होती, आणि बहीण म्हणून ओळख असलेली कॉन्स्टन्स ही खरी आई.

१९१७ मध्ये शार्लट तिला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत मिश्र वंशावरून इतकी चिडवाचिडवी झाली, की तिने शाळाच सोडली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटके आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस युरोप. लंडनमध्ये सुरुवातीला किरकोळ कामे मिळाली. मग हंगेरियन निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांची नजर तिच्यावर पडली. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मधली अ‍ॅन बोलिन पडद्यावर काही मिनिटेच दिसते, पण तेवढे पुरले.

लपवायची गरज का पडली?

कारण प्रश्न फक्त लोक काय म्हणतील इतकाच नव्हता. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. भारतीय माणूस नागरिकत्वासाठी गोरा ठरत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला. १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या हेज संहितेने पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई केली होती आणि इतर वंशांच्या बाबतीतही स्टुडिओ सावधच असत. गोऱ्या नायकाची नायिका व्हायचे तर कागदोपत्री आणि कॅमेऱ्यासमोर, दोन्हीकडे गोरे असणे भाग होते.

म्हणून जन्मस्थळ बदलले गेले. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर एका ब्रिटिश कुटुंबात जन्म, अशी कहाणी रचली गेली. इतक्या लांब जाऊन कोण खातरजमा करणार? सावळी शार्लट लंडनमध्ये तिच्यासोबतच राहत होती. पण पाहुण्यांसमोर ती मोलकरीण म्हणून वावरायची, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९३७ मध्ये शार्लट वारली. पुढे मर्लने जुन्या फोटोवरून तिचे चित्र काढून घेतले, त्यातही चित्रकाराकडून तिचा रंग उजळ करून घेतला. हे वाचून राग येतो आणि लगेच वाईटही वाटते. निदान माझे तसे झाले.

चेहरा कसा घडवला गेला?

कोर्डांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत तिचे डोळे तिरकस आणि गूढ दिसतील असाच मेकअप असायचा. लोकांना ‘परदेशी’ सौंदर्य आवडत होते, फक्त ते नेमके कुठले हे सांगायचे नव्हते. हॉलिवूडमध्ये सॅम्युएल गोल्डविन यांच्या ‘द डार्क एंजल’ (१९३५) साठी हा सगळा साज उतरवून तिला साधी इंग्रज मुलगी बनवले गेले. त्याच भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. ‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९) मधली कॅथी ही तिची आजही सर्वांत लक्षात असलेली भूमिका.

‘ओबी लाइट’ काय आहे?

१९३७ मध्ये लंडनला ‘आय, क्लॉडियस’चे चित्रीकरण सुरू असताना तिला मोटार अपघात झाला. चेहऱ्यावर जखमा झाल्या, चित्रपट अर्धवटच सोडावा लागला. नंतर त्वचा आणखी बिघडली. त्वचा घासून काढण्याचे, म्हणजे डर्माब्रेशनचे उपचार झाले, तरी खळगे उरलेच. ‘द लॉजर’ (१९४४) च्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याच्या लेन्सलगत एक छोटा दिवा बसवला. ओबेरॉनवरून त्याचे नाव पडले ओबी. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केले. ते १९४९ पर्यंत टिकले.

यामागचे विज्ञान घरी करून पाहता येते. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला कडेने लावा. गिलाव्यातला प्रत्येक खड्डा उठून दिसेल. आता टॉर्च डोळ्यांजवळ धरून तीच भिंत समोरून बघा. खड्डे गायब. व्रण दिसतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे. प्रकाश आणि नजर एकाच दिशेने गेले, की सावली उंचवट्याच्या मागे पडते आणि आपल्याला दिसतच नाही. पौर्णिमेचा चंद्र सपाट वाटतो आणि अर्ध्या चंद्रावरची विवरे ठळक दिसतात, तेही यामुळेच. शिवाय या दिव्याने चेहरा आजूबाजूपेक्षा उजळ येतो. व्रणासाठी केलेली सोय रंगासाठीही उपयोगी पडत होती.

हा लूक आज करायचा तर?

भुवया उपटू नका. कडा कन्सीलरने झाकून वर पेन्सिलने बारीक कमान काढता येते. बेस मॅट हवा. ओल्या स्पंजने लावायचा ‘पॅन-केक’ मॅक्स फॅक्टर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत चित्रपटांसाठी आणला, तोच परिणाम आज फाउंडेशन आणि पावडरने मिळतो. कॅमेरा आधीच कृष्णधवल मोडवर ठेवून मेकअप करा, कारण तिथे रंग नाही, फक्त गडद-फिका फरक उरतो. दिवा लेन्सच्या जवळ ठेवा. आणि बेस आपल्याच रंगाचा घ्या. बारीक भुवया, गडद ओठ आणि समोरचा प्रकाश एवढ्यावर हा लूक पूर्ण जमतो, दोन शेड गोरे व्हायची गरज पडत नाही.

गुपित कधी उघड झाले?

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट शहराने आपली लेक समजून तिचा सत्कार ठेवला. ती त्या कार्यक्रमातून लवकर निघून गेली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियात पक्षाघाताने तिचे निधन झाले. १९८३ च्या चरित्रातून मुंबईतील जन्म जगासमोर आला.

२०२३ मध्ये मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, तेव्हा या गटातली पहिली आशियाई अभिनेत्री असे लिहिताना अनेक वृत्तसंस्था अडखळल्या. शेवटी बातम्यांत शब्दरचना आली ती अशी, की स्वतःची ओळख आशियाई म्हणून सांगणारी पहिली. ८७ वर्षांपूर्वी नामांकन मिळालेल्या, पण तशी ओळख कधीच न सांगितलेल्या एका मुंबईकर मुलीमुळे ही तजवीज करावी लागली होती.