पंडिता रमाबाई : नोंदवहीबाहेरची वंशावळ

बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत पूर्वजांचा शोध घेण्याची ओढ अलीकडे वाढली आहे. जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या चाळल्या जातात. पुष्कळदा आजोबांचे गाव, आडनाव, बाप्तिस्म्याचे वर्ष हाती लागते. आजीच्या माहेराकडे वळले की रकाना रिकामा. ‘केडगावची’ एवढीच तिची ओळख घरात उरलेली असते. ज्या बाईंमुळे ही ओळख निर्माण झाली त्यांच्या स्वतःच्या नावांचा प्रवासही एका नोंदवहीत मावणारा नव्हता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. तुंगा आणि भद्रा या नद्या जेथे उगम पावतात त्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांनी आश्रम बांधला होता. बायकोला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना शास्त्री मंडळींचा रोष सोसावा लागला होता. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वेताच्या पेटीत घालून तिला डोंगर उतरविण्यात आले. पुढे यात्रेच्या त्या वणवणीतच १८७४ मध्ये आईवडील निवर्तले, त्यांच्यामागून बहीण गेली, आणि १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही. डोंगरे घराण्याच्या या शाखेत रमाबाई एकट्या उरल्या.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. विवाह १८७२ च्या कायद्यान्वये नोंदणीने झालेला. म्हणजे त्याची नोंद ना कुलोपाध्यायाच्या वहीत, ना कोणत्या मंडळीच्या दप्तरात. १८८१ मध्ये कन्या झाली. तिचे नाव मनोरमा; त्यात आईचे नाव आपसूकच आले. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचे नाव लागत आले, आईचे सहसा लागत नसे, म्हणून हे मला विशेष वाटते. पुढच्याच वर्षी पटकीने मेधावी वारले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथे आईचे नाव ‘मेरी रमा’ झाले. डोंगरे, मेधावी, सरस्वती, मेरी : पंचविसाव्या वर्षापर्यंत इतकी नावे. यांपैकी एकच नाव घेऊन त्यांना शोधू पाहणाऱ्याच्या हाती अर्धीच बाई लागेल. पूर्वजांचा मागोवा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बाप्तिस्म्याचे नाव सापडले नाही तर माहेरचे पाहावे, तेही नसेल तर विवाहाच्या नोंदीतील साक्षीदारांची नावे पाहावीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढे पुण्यास आणि अखेर केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून त्याहून अधिक. १९०० च्या सुमारास तेथील संख्या २,००० च्या आसपास गेली. इतक्या कोवळ्या वयात पोरकी झालेली मुलगी बापाचे नाव, गाव कोठून सांगणार? त्यांपैकी पुष्कळ मुली पुढे लग्न होऊन मंडळ्यांमंडळ्यांत पसरल्या. आपल्या घरांतील रिकाम्या रकान्यांचे मूळ बहुधा येथे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, तरीही कित्येक घरांत आजीचा विषय निघाला की बोलणे थांबते.

आमच्या भाषांतराच्या कामात वंशावळ्यांचे अध्याय कंटाळवाणे म्हणून ओळखले जातात. मला ते तसे वाटत नाहीत. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आपली वंशावळ शोधूनही न सापडलेले याजक आहेत. त्यांना याजकपणातून दूर ठेवण्यात आले. त्यांपैकी एका घराण्याचा मूळ पुरुष बायकोच्या कुळाचे, बर्जिल्लय गिलाद्याचे, नाव लावत असे. मत्तयाच्या वंशावळीत तामार, राहाब आणि रूथ यांची नावे येतात, पण उरीयाच्या बायकोचे नाव मात्र येत नाही. हे सारे अध्याय रमाबाईंनीही मराठीत आणले. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातील बाईला समजेल अशा शब्दांचा हट्ट त्यांनी धरला. पंडितांच्या घरात वाढलेल्या स्त्रीने संस्कृतप्रचुर शब्द टाळावेत, हे सोपे नव्हते.

मनोरमा अविवाहित राहिल्या आणि २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. त्यांचे संपूर्ण मराठी पवित्र शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यातील काम मुक्तीतील स्त्रियाच करीत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील, आदामापासून निघून नऊ अध्याय चालणारी ती नावांची रांग याच छापखान्यात जुळविली गेली.