बाबू हरदास, बत्तीस तारा आणि कामठीचे कार्यकर्ते

मिहानमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली ओळख बहुतेक वेळा दोन शब्दांनी होते. कंपनीच्या बसमध्ये, खापरी मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर, एम्सच्या ओपीडीच्या रांगेत कोणीतरी हळूच जय भीम म्हणतो आणि समोरचा कोणत्या गावचा, कोणत्या पाळीचा हे विचारायच्या आधीच तो आपला होतो. ज्या विमानतळाला लागून हे सगळे उभे राहिले त्याला बाबासाहेबांचे नाव आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हे दोन शब्द ज्यांनी रूढ केले ते याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामठीला राहत होते, हे आमच्यातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हते. ड्रॅगन पॅलेसला फोटो काढायला आम्ही सगळे जाऊन आलो होतो. बाबू हरदासांच्या समाधीवर एकही जण गेला नव्हता.

हे आत्ता लिहायचे कारण एक बैठक आहे. आमच्या भागातल्या एका विहारात जयंतीचा मंडप टाकणे, पाण्याचे कॅन उचलणे, रात्री झाडलोट करणे हे सगळे ज्या पोरांनी केले, त्यातले बरेच जण मिहानमध्ये पाळीत काम करणारे. विहाराच्या जमलेल्या निधीचे काय करायचे हे ठरवणारी बैठक मात्र त्यांची पाळी चालू असताना झाली आणि त्यांना निर्णय दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कळला. पुढच्या कार्यक्रमात त्यांना शाल आणि गुलाबपुष्प देऊन त्यांचा सत्कार झाला. एका मुलाने शाल घेतली, फोटो काढला आणि त्यानंतर तो विहारात आलाच नाही. समितीतले ज्येष्ठ अजून विचारतात, त्याला राग कशाचा आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला बाबू हरदासांचे आयुष्य पुन्हा वाचावेसे वाटले.

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. वडील रेल्वेत कारकून होते. कामठी म्हणजे कन्हान नदीकाठचे इंग्रजांच्या छावणीचे गाव. तिथे आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल बिडीवर पेटत असे. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातला मॅट्रिक झालेला मुलगा बोटावर मोजण्याइतका. आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडून ते संस्कृतही शिकले. सोळाव्या वर्षी साहूबाईंशी लग्न झाले. एवढ्या शिक्षणावर सुखाची सरकारी नोकरी धरता आली असती. त्यांनी १९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, महारठ्ठा नावाचे साप्ताहिक काढले.

पुढच्याच वर्षी ते महार समाज या संघटनेचे सचिव झाले आणि त्यांनी तरुण स्वयंसेवकांचे एक पथक उभारले. गावोगावी आपल्या माणसांवर अत्याचार होत, मारहाण होई आणि दाद मागायला कोणी नसे. विखुरलेल्या तरुणांना एकत्र करून अशा वेळी उभे करायचे, हे या पथकाचे काम. या पोरांना पगार नव्हता. दिवसाची मजुरी बुडवून ती येत. अठरा वर्षांचा मुलगा आपल्याच वयाच्या मुलांना हाक देतो आणि ती येतात, याचे कारण केवळ त्याचे वक्तृत्व असेल असे मला वाटत नाही. तो त्यांच्यातलाच होता आणि जे काम त्यांना सांगत होता ते स्वतः करत होता.

१९२४ मध्ये त्यांनी मंडल माहात्म्य ही पुस्तिका लिहिली, समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून. वीर बालक नावाचे नाटकही लिहिले. १९२७ च्या सुमारास कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. तिथे ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय निघाले. स्त्रियांसाठी महिला आश्रम निघाला. यादी वाचायला सोपी आहे, पण रात्रशाळा म्हणजे काय याचा जरा विचार करा. दिवसभर पत्ता कापून, तंबाखू भरून, बिड्या वळून झाल्यावर ज्या पोरांची बोटे मोकळी होतात, त्यांना रात्री अक्षरे शिकवायची. शिकवणाराही दिवसभर कुठेतरी राबलेलाच. एकट्या हरदासांनी १०८ मुलांना शिकवले नसणार. जी माणसे त्या शाळांत उभी राहिली त्यांची नावे आज आपल्याकडे नाहीत. हरदासांचे नाव राहिले, त्यांची गेली. हे हरदासांच्या मनासारखे झाले असेल असे मला वाटत नाही.

बिडीचा धंदा ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको, पण मिहानमधल्या पोरांसाठी सांगतो. बिडीची मजुरी हजारावर मिळते. वळणारी बाई हजार वळते, पण हजार भरले की नाही हे ती ठरवत नाही. माल घेणारा मोजतो, खराब म्हणून मूठभर बाजूला काढतो, त्याचे पैसे देत नाही. श्रम एकाचे, मोजणी दुसऱ्याची. हरदासांनी बिडी मजुरांची संघटना बांधली आणि त्याच्याही पुढे जाऊन सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू केले. कामठी, नागपूर, रामटेकच्या पट्ट्यात या प्रयोगाचे नाव झाले. सहकारात वळणारा आणि मोजणारा एकच असतो. मजुरी किती, खराब माल कोणता, नफा कुठे घालायचा, हे वळणारे मिळून ठरवतात. हरदासांच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठे वाटते, जय भीमपेक्षाही.

आता रामटेकची गोष्ट. १९२७ मध्ये किसन फागुजी बनसोडे यांनी तिथे सभा भरवली होती. हरदासांनी लोकांना सांगितले की रामटेकच्या देवळात जाणे सोडा, अंबाळ्याच्या घाण पाण्यात डुबक्या मारणे सोडा. मंदिरप्रवेशावर त्यांचा विश्वास नव्हताच म्हणा. तरी २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी शंकर मुकुंद बेले यांच्या नेतृत्वाखाली आपले कार्यकर्ते तिकडे पाठवले. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. आपले मत सभेत स्पष्ट सांगायचे आणि चळवळीने एकदा ठरवले की आपली माणसे द्यायची, ही शिस्त आहे. आपल्या आजच्या समित्यांत उलटे होते. सभेत कोणी बोलत नाही, आणि सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर विरोध सुरू होतो.

८ ऑगस्ट १९३० रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. तोवर हरदास या भागातल्या चळवळीचा मोठा आधार झाले होते. पुढच्या वर्षी लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद सुरू झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच, असा दावा गांधीजींनी तिथे केला. बाबासाहेब त्या सभेत आपली बाजू मांडत होते, पण प्रश्न असा उभा केला गेला होता की त्यांच्या मागे लोक आहेत कुठे?

हरदासांनी इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार केली. अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी डॉ. आंबेडकर आहेत, गांधीजी नव्हेत, असा तिचा आशय होता. पण ते एकट्याच्या तारेवर थांबले नाहीत. देशभरातल्या आपल्या समाजातल्या इतर पुढाऱ्यांनाही त्यांनी तारा करायला लावल्या. अशा एकूण ३२ तारा पंतप्रधानांकडे पोहोचल्या. तारेला शब्दागणिक पैसे पडत. ही आमदार-खासदारांची पत्रे नव्हती. बहुतेक पाठवणाऱ्यांकडे कसलेही सरकारी पद नव्हते. त्यांच्या हाती होते ते आपल्या गावातले काम आणि त्या कामातून आलेला अधिकार, एवढेच. हरदासांनी तो अधिकार ओळखला. एका मोठ्या पुढाऱ्याची एक लांब तार पाठवण्यापेक्षा बत्तीस ठिकाणच्या कार्यकर्त्यांना विचारून बत्तीस तारा जाणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

हे वाचताना मला विनयातला एक नियम आठवतो. संघाचा निर्णय व्हायचा तर प्रस्ताव सर्वांसमोर मांडला जाई, मतभेद झाला तर शलाका वाटून मते मोजली जात. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात भिक्षू संघाच्या या पद्धतीची आठवण करून दिली होती. पण त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. एखादा भिक्षू आजारी असेल आणि सभेला येऊ शकत नसेल, तर त्याने आपली संमती दुसऱ्या भिक्षूच्या हाती पाठवायची. पालीत तिला छंद म्हणतात. ती आणल्याशिवाय संघाने कामकाज करायचे नाही. निरोप देण्याइतकेही त्राण नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणावे, आणि हलवणेच धोक्याचे असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. अडीच हजार वर्षांपूर्वी झोपून असलेल्या एका माणसाकडे संपूर्ण संघ उठून जात होता. आपल्याकडे दुसऱ्या पाळीला असलेल्या मुलाला एक फोन होत नाही.

७ मे १९३२ रोजी परिषदेचे दुसरे अधिवेशन थेट कामठीत, हरदासांच्या गावी भरले. संयुक्त मतदारसंघाचा राजा-मुंजे करार तिथे नाकारला गेला आणि स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला पाठिंबा दिला गेला. देशभरातले प्रतिनिधी आले म्हणजे त्यांची राहण्याची, जेवणाची, मंडपाची सोय गावाने केली. विदर्भातले मे महिन्याचे ऊन ज्याला माहीत आहे त्याने पाणी भरणाऱ्यांचा विचार करावा.

जय भीमची गोष्ट याच काळातली. मुसलमान बांधव एकमेकांना भेटताना सलाम करतात आणि त्याला ठरलेले उत्तर येते, हे हरदास कामठीत रोज पाहत होते. आपल्या लोकांत मात्र जोहार चाले, ज्यात वाकणे होते. त्यांनी जय भीम सुचवले आणि त्याला उत्तर म्हणून बळ भीम. भीम विजय संघाच्या कार्यकर्त्यांनी ते वस्तीवस्तीत नेले. बळ भीम मागे पडले, जय भीमला जय भीम हेच उत्तर उरले. अभिवादन एका माणसाला सुचू शकते, पण लोकांच्या तोंडी बसायला शेकडो तोंडे लागतात. लोकांनी त्यातले एक ठेवले, एक सोडले. तोही त्यांचाच निर्णय होता.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या त्याच्या कामाचा भार हरदासांवर आला. १९३७ च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठीतून प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. वय तेहेतीस. त्यांचा प्रचार कोणी केला असेल हे सांगायची गरज नाही. पण शरीर साथ देत नव्हते. बिडीच्या वस्त्यांना ओळखीचा असलेला क्षय त्यांनाही झाला. १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले. पस्तीस पूर्ण होऊन सहाच दिवस झाले होते. कन्हानच्या काठावर अंत्यसंस्कार झाले. बाबासाहेबांना हा आघात फार लागला.

येवल्याची घोषणा त्यांनी ऐकली होती, पण १४ ऑक्टोबर १९५६ त्यांना दिसला नाही. त्या दिवशी नागपुरात लाखो लोकांची व्यवस्था वामनराव गोडबोले यांच्यासारखे नोकरदार कार्यकर्ते आणि समता सैनिक दलाचे स्वयंसेवक करत होते. त्यांच्या आधीच्या पिढीची मशागत कामठीसारख्या गावांत रात्रशाळांत आणि बिडीच्या कामात झाली होती. दीक्षाभूमीवर लोकांचा जो हक्क आहे तो तिथून येतो. १ जुलै २०२४ रोजी भूमिगत पार्किंगच्या विरोधात हजारो लोक दीक्षाभूमीवर जमले आणि सरकारला काम थांबवावे लागले, तेव्हा वरवर प्रश्न खड्ड्याचा होता. आमच्यातले जे दरवर्षी तिथे पाणी वाटतात, हरवलेली मुले सांभाळतात, रात्रभर जागतात, त्यांना विचारले असता ते म्हणत की आम्हाला कोणी विचारलेच नाही.

आमच्या त्या मुलाकडे मी गेलो होतो. शाल त्याने आईला दिली आहे. रागावलेला नाही म्हणाला, फक्त त्याला तिथे काही काम उरलेले नाही असे वाटते. समितीपुढे मी एवढेच मांडले आहे की बैठकीचे विषय आठ दिवस आधी कळावेत आणि पाळीवर असलेल्याचे म्हणणे लिहून किंवा कोणाच्या तोंडी आले तर ते वाचून दाखवल्याशिवाय ठराव होऊ नये. दोन ज्येष्ठांनी मान डोलावली, एकाने याने कामे रेंगाळतील असे म्हटले. त्यांचेही खोटे नाही, रेंगाळतील. ठराव अजून व्हायचा आहे.

नागपूर मेट्रोची नारंगी मार्गिका आज खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. दुसऱ्या टप्प्यात ती एका बाजूने मिहानपासून बुटीबोरीकडे आणि दुसऱ्या बाजूने कन्हान नदीपर्यंत वाढणार आहे. ती होईल तेव्हा होईल. येत्या १२ जानेवारीला आमच्यातले काही जण रात्रपाळी संपवून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने आणि पुढे कामठी रोडने कन्हानला जाणार आहेत. कोणी काय आणायचे ते ठरलेले नाही, दुसऱ्या पाळीवाल्यांचे निरोप यायचे आहेत.