तत्त्वज्ञानाचे अध्यापक गुरुदेव रानडे

जमखंडी येथे ३ जुलै १८८६ रोजी जन्मलेल्या रामचंद्र दत्तात्रय रानडे यांना १९०१ साली, विद्यार्थिदशेतच, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले. पुढे दीर्घ आजाराने त्यांचे शरीर क्षीण झाले; तरीही १९१४ साली तत्त्वज्ञानात एम. ए. होऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन आरंभिले.

ग्रीक तत्त्वज्ञांचा त्यांचा व्यासंग सखोल होता. परंतु संतांचा अनुभव हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातही विचारार्ह पुरावा होय, ही त्यांची धारणा. त्याने तर्काची शिस्त ढिलावेल, ही शंका काही अगदीच गैर नव्हे! १९२६ साली उपनिषदांवरील आणि १९३३ साली महाराष्ट्रीय संतांवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध करून त्यांनी तिला उत्तर दिले. ज्ञानेश्वर-तुकाराम त्यामुळे विद्यापीठीय चर्चेचे विषय झाले.

सांगलीनंतर अलाहाबाद विद्यापीठात ते विभागप्रमुख आणि पुढे कुलगुरूही झाले. १९४६ साली निवृत्त होऊन ते विजापूर जिल्ह्यातील निंबाळच्या आश्रमात राहिले. आपल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठासाठी त्यांनी कन्नड संतांवर व्याख्याने दिली. मराठी-कन्नड असा भेद त्यांच्या साधनेत नव्हताच. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. ती व्याख्याने १९६० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.