ओळख थोरांची : हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ आणि कानातले दोन स्नायू

मुलांनो, बुर्गप्लाट्झवरचा सिंह तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच चौकातल्या फीवेग-हाउस या भव्य इमारतीत पूर्वी फीवेग यांची प्रकाशनसंस्था होती. वस्तुसंग्रहालय तेथे फार नंतर आले. या फीवेगांनी १८६३ साली नाद आणि श्रवण या विषयावरचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथकार होते हेर्मान हेल्महोल्ट्झ. ते काही ब्राउनश्वाइगचे नव्हेत, पण या गावाशी त्यांचे नाते दोनदा जुळले, म्हणून या अंकासाठी आम्ही त्यांची निवड केली.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पोट्सडाम येथे झाला. वडील शिक्षक होते. लहानपणी प्रकृती नाजूक, आणि पाठांतराचे तर नावच नको! परक्या भाषेतले शब्द आणि व्याकरणातली अनियमित रूपे त्यांच्या डोक्यात टिकत नसत. (आपल्या वर्गात ‘जाणे’ची रूपे चालवताना अडणाऱ्यांनी हे वाक्य घरी वाचून दाखवायला आमची हरकत नाही.) शाळेत लॅटिनचे वाचन चालू असताना हा मुलगा बाकाखाली दुर्बिणीतल्या प्रकाशकिरणांचे गणित मांडत बसे.

पदार्थविज्ञान शिकायची इच्छा होती, पण घरी तेवढे पैसे नव्हते. बर्लिनला लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण फुकट मिळे. त्या बदल्यात काही वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. हेल्महोल्ट्झ डॉक्टर झाले ते असे. आम्हांला वाटते, ही अडचण पुढे त्यांच्या पथ्यावरच पडली. शरीर आणि यंत्र या दोहोंकडे ते एकाच नजरेने पाहू लागले.

१८४९ साली ते क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाले. शरीरातला निरोप मज्जातंतूंमधून क्षणार्धात पोचतो, त्याचा वेग मोजणे शक्यच नाही, असे तेव्हा मोठमोठे विद्वान मानत. खुद्द त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचेही तेच मत होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेतला. एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा जरा दूर त्याला विजेचा झटका दिला आणि दोन्ही वेळी स्नायू आखडायला किती वेळ लागला ते मोजले. त्यांच्या पत्नी ओल्गा शेजारी बसून आकडे टिपून घेत. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर! आवाज हवेतून जातो त्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५१ मध्ये त्यांनी डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे उपकरण सर्वांपुढे मांडले. मग ते कानाकडे वळले. फीवेगांनी छापलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की एका सुरात अनेक सूर दडलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो, तो याचमुळे. आपल्या सी. व्ही. रामन यांनी तरुणपणी हा ग्रंथ वाचला आणि पुढे मृदंग-तबल्याच्या शाईमुळे त्यांचे बोल सुरेल कसे होतात याचा शोध घेतला.

हायडेलबर्गला असताना १८६८ साली त्यांनी मध्यकर्णावर एक मोठा निबंध लिहिला. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे असतात. हातोडी आणि ऐरण यांचा सांधा त्यांना घड्याळाच्या किल्लीसारखा वाटला : एका दिशेला दाते घट्ट बसतात, दुसऱ्या दिशेला सैल होतात. हातोडीला ओढणाऱ्या टेन्सर टिम्पनी या स्नायूचाही त्यांनी बारकाईने विचार केला. पडदा आणि हाडांचे बंध ताणलेले ठेवणे हे त्याचे काम, असे त्यांनी मांडले.

दुसरा स्नायू रिकिबीला ओढतो. त्याचे नाव स्टॅपिडियस. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, हाडांना हलवणाऱ्या स्नायूंत आपल्या शरीरातला सर्वांत लहान! मोठा आवाज आला की दोन्ही कानांतला हा स्नायू आपोआप आखडतो, हाडांची साखळी ताठ होते आणि खर्जाचे आवाज आत कमी पोचतात. आपण स्वतः बोलू लागण्याआधीच तो तयार होतो, म्हणून आपल्याच आवाजाने आपले कान बधिर होत नाहीत. टेन्सर टिम्पनी माणसात मुख्यतः चावताना, गिळताना आणि दचकल्यावर आखडतो. हे सारे नंतरच्या संशोधकांनी उलगडले.

आता तो बेडकाचा आकडा आठवा. कानातून मेंदूकडे निरोप जायचा, तेथून स्नायूकडे परत यायचा आणि मग स्नायूने आखडायचे. या सगळ्यात एक दशांश सेकंदापर्यंत वेळ जातो. फटाक्याचा धमाका मात्र सेकंदाच्या काही हजारांश भागांत संपलेला असतो. म्हणजे राखणदार दारात येईतो चोर घरात शिरून गेलेला! बरे, कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी अशा धमाक्याने मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. पालकांनो, ३१ डिसेंबरच्या रात्री चिमुकल्यांच्या कानांवर आपले हात आधीच असू द्यावेत, ते यासाठी. स्नायू आहेत की, असे म्हणून भागत नाही.

१८७१ पासून हेल्महोल्ट्झ बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. अचूक मोजमापांसाठी जर्मनीने १८८७ साली शार्लोटेनबुर्गला एक सरकारी संस्था काढली. तिचे पहिले अध्यक्ष तेच. १८९३ साली अमेरिकेहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून ते पडले आणि त्यानंतर पूर्वीची प्रकृती राहिली नाही. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या संस्थेचे काम ब्राउनश्वाइगला नव्याने उभे राहिले. बुंडेसआलेवरची पी. टी. बी. ती हीच. जर्मनीची प्रमाणवेळ तेथली अणुघड्याळे ठरवतात, आणि ध्वनीच्या मोजमापासाठीही तेथे वेगळा विभाग आहे.