मामाच्या माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि बेसिक बनवणारे जॉन केमेनी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत नेरुळला मामाच्या घरी माळ्यावर एक काळा कीबोर्ड सापडला. नुसता कीबोर्ड नव्हे, तो अख्खा कॉम्प्युटर होता. 1980 च्या दशकात भारतात विकला गेलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', म्हणजे ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा इथला अवतार. मेमरी फक्त 48 किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटोसुद्धा बऱ्याचदा याहून मोठा असतो.

जुन्या टीव्हीला जोडून चालू केला की हा लगेच प्रोग्रॅम लिहायला तयार. 'पी' दाबलं की स्क्रीनवर अख्खा 'प्रिंट' शब्द येतो. ओळ चुकली तर तो ती घेतच नाही, चुकलेल्या जागी एक प्रश्नचिन्ह लुकलुकतं. बस्स, एवढंच.

ते बघून मला इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर आठवलं. मी मराठी माध्यमातून आलेलो. सी लँग्वेजच्या प्रोग्रॅममध्ये एक सेमीकोलन राहिला आणि स्क्रीनभर इंग्रजी एरर आले. हे आपलं काम नाही असं वाटून मी ब्रँच बदलायला निघालो होतो. आता सुट्टीच्या दिवशी स्पेक्ट्रमवर बेसिकमध्ये छोटे गेम लिहितो, तेव्हा प्रश्न पडतो की नवशिक्यांचा एवढा विचार करणारी भाषा बनवली कुणी?

बुडापेस्ट ते आइन्स्टाइन

जॉन केमेनी यांचा जन्म 31 मे 1926 रोजी हंगेरीत बुडापेस्टला, ज्यू कुटुंबात झाला. हिटलरचा धोका ओळखून 1940 मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेलं. देश सोडायला तयार नसलेल्या आजोबांचा नंतर नाझींच्या नरसंहारात बळी गेला.

प्रिन्स्टनला गणित शिकत असतानाच केमेनींना सैन्यात बोलावणं आलं आणि त्यांची रवानगी लॉस अलामॉसला, अणुबॉम्ब प्रकल्पावर झाली. तिथे रिचर्ड फाइनमन यांच्या हाताखाली पंचकार्डच्या मशीनवर आकडेमोड चाले. पाळ्या लावून रात्रंदिवस काम केलं तरी एकेका समीकरणाला कित्येक आठवडे लागत. पुढे पीएचडी करताना ते आइन्स्टाइन यांचे गणितातले सहायक होते.

लायब्ररीसारखा कॉम्प्युटर

1953 मध्ये ते डार्टमाउथ कॉलेजात शिकवायला आले. तिथे तेव्हा कॉम्प्युटरच नव्हता. त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ पंचकार्डची पेटी घेऊन ट्रेनने एमआयटीला जात. कार्डात एक चूक निघाली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं!

लायब्ररीत जाऊन कुणीही पुस्तक उघडतं, तसा कॉम्प्युटर कुणालाही वापरता यावा असं दोघांना वाटत होतं. इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्यांनासुद्धा. त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. पहिली, टाइम-शेअरिंग. तुमच्या फोनचा प्रोसेसर जसा प्रत्येक अ‍ॅपला थोडा थोडा वेळ देतो, तसा एकच कॉम्प्युटर अनेक टर्मिनलना आळीपाळीने वेळ देणार. दुसरी, साध्या इंग्रजी शब्दांची भाषा. सिस्टिमचं बरंचसं काम पदवीच्या विद्यार्थ्यांनीच केलं. 1 मे 1964 रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन टर्मिनलवरून एकाच वेळी बेसिकचे प्रोग्रॅम चालले आणि दोन्हीकडे उत्तर बरोबर आलं.

ही भाषा त्यांनी बंदिस्त ठेवली नाही, कुणालाही वापरू दिली. म्हणूनच पुढे बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी 1975 मध्ये अल्टेअरसाठी आपलं बेसिक लिहिलं, आणि कमोडोर 64, स्पेक्ट्रम अशा घरगुती कॉम्प्युटरमध्ये बेसिक आधीपासून भरलेलं येऊ लागलं. गंमत म्हणजे कमी मेमरीत बसवलेल्या या आवृत्त्या खुद्द केमेनींना आवडत नसत. त्यांनी कर्ट्झसोबत 1980 च्या दशकात 'ट्रू बेसिक' काढलं, पण तोवर जग पुढे निघून गेलं होतं.

शंभराहून जास्त अलार्म

1970 ते 1981 केमेनी डार्टमाउथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, 1972 मध्ये, तिथे मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळू लागला. 1979 मध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि चौकशी आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आयोगाला दिसलं की पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले आणि त्यात महत्त्वाचा कुठला हे कळायची सोयच नव्हती. दोष एकट्या ऑपरेटरवर टाकून आयोग थांबला नाही. ट्रेनिंग, सूचना आणि कंट्रोल रूमची रचना यांवरही बोट ठेवलं.

हे वाचताना मला माझी एररने भरलेली स्क्रीन आठवली. मशीन समजलं नाही, तर दरवेळी माणूसच ढ नसतो.

26 डिसेंबर 1992 रोजी, वयाच्या 66 व्या वर्षी केमेनी गेले. बेसिक मात्र आजही चालवून बघता येतं, आणि त्यासाठी माळा शोधायची गरज नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये स्पेक्ट्रमचा इम्युलेटर उघडा आणि आपलं नाव दहा वेळा छापणारा प्रोग्रॅम लिहा. प्रश्नचिन्ह लुकलुकलं तर घाबरू नका, फक्त ती जागा परत बघा.